नानांचे सरकार पडते

जर्मनीचे सरकार पडल्याची बातमी नानांना गुरुवारी सकाळी सहाला कळली आणि स्वतःचे सरकार पडल्याची सव्वासहाला. दोन्ही बातम्या एकाच फोनवर आल्या. मधल्या पंधरा मिनिटांत त्यांनी चहा करून घेतला.

जर्मनीत असे झाले होते की चान्सेलरसाहेबांनी आपल्या अर्थमंत्र्याला काढून टाकले होते. आणि इथे सिंगापुरात, पासिर रिसला असे झाले होते की नानांच्या थोरल्या मुलाने, मनोहरने, धाकट्याला, रूपेशला, 'नाना कोऑर्डिनेशन' या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकले होते. फोनवर एक करडी ओळ तेवढी उरली होती. जर्मनीत निदान पत्रकार परिषद तरी झाली.

नाना या सगळ्यात कोण, तर नाना म्हणजे देश. देशाला कोणी काही विचारत नाही, आणि विचारले तरी उत्तरासाठी थांबत नाही, याची त्यांना एव्हाना सवय झाली होती. फक्त इतर देश आपापल्या जागी पडून असतात आणि मंत्री बदलतात. इथे मंत्री जागच्या जागी होते आणि दर चार महिन्यांनी देशच बॅग घेऊन पासिर रिसहून यिशुनला, यिशुनहून क्लेमेंटीला आणि क्लेमेंटीहून परत पासिर रिसला येत होता. अडतीस वर्षे जहाजावर काढलेल्या माणसाला चार महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट नवीन नव्हते. नवीन एवढेच होते की आता सुट्टी कधी लागणार ते कोणी सांगत नव्हते.

मामला तीन वर्षांपूर्वीचा. नानांची बायको संजीवनी गेली ती दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात. तेराव्याच्या वेळी कोविडमुळे घरात पाचाच्या वर पाहुणे आणायला बंदी होती, त्यामुळे भांडायला घरचीच माणसे होती, आणि ती पुरली. भांडण होते नाना कोणाकडे राहणार याचे, आणि आज सांगून खोटे वाटेल, पण तेव्हा ते तिघांनाही हवे होते. दुःख ताजे असताना माणूस काहीही मागतो. मनोहर म्हणाला, मी थोरला. मधली बहीण योगिनी म्हणाली, मी एकटी आहे, मला सोबत. रूपेश म्हणाला, यिशुनसुद्धा सिंगापुरातच येतं, कोणाला माहीत नसेल तर. टीव्हीवर त्याच दिवशी जर्मनीतले तीन पक्ष करारावर सह्या करत होते. एक लाल, एक पिवळा, एक हिरवा. तिन्ही पुढारी एकमेकांकडे बघून नव्या व्याह्यांसारखे हसत होते.

"हे बघा," नाना म्हणाले होते, "पावणेदोनशे पानं लिहिलीत त्यांनी. आपण एक लिहू."

एकच पान झाले. मनोहरच्या अवनीने, ती तेव्हा चौदाची होती, ते टाइप केले आणि शाळेच्या सवयीने वर मार्जिन सोडले. रंग कोणी वाटून दिले नाहीत, ते आपोआप बसले. कमी बोलणारा आणि निर्णय पुढे ढकलणारा मनोहर लाल. प्रत्येक गोष्टीची तक्ते करून मांडणी करणारा, आयटीतला रूपेश पिवळा. आणि विद्यापीठात शैवालावर संशोधन करणारी, घरात प्लास्टिकची पिशवी दिसली की मृतदेह दिसल्यासारखी ओरडणारी योगिनी हिरवी. नानांनी स्वतः त्यात एकच कलम घातले. कलम सात.

'जो नानांची जबाबदारी सोडेल, त्याने त्याच वाक्यात ती कोण घेणार त्याचे नाव सांगावे. नाव घेतलेल्याची संमती असावी. नाहीतर सोडणे ग्राह्य नाही.'

हा जहाजाचा नियम होता. बदली चीफ इंजिनिअर गँगवे चढून वर आल्याशिवाय जुना चीफ खाली उतरत नाही, घरी बायको बाळंत झालेली असली तरी. पुढे नानांना कळले की जर्मनीच्या घटनेतही असेच आहे. तिथल्या संसदेला चान्सेलर पाडायचा असला तर त्याच ठरावात नवा निवडावा लागतो. हे वाचल्या दिवशी नाना जरा जास्तच ताठ चालले होते.

जहाजावरून आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे वही. चीफ उतरताना बदली माणसासाठी हँडिंग ओव्हर नोट्स लिहून ठेवतो : कुठला पंप कुरकुरतो, कुठला व्हॉल्व्ह गळतो. तशी नानांची वही होती. दर चार महिन्यांनी देणारा लिही आणि घेणारा सही करी. 'डावा कान गेला आहे, मान्य करत नाहीत.' 'साखर मागच्या कपाटात ठेवावी, पुढच्या कपाटातली संपते.' 'बुद्धिबळात हरू द्यावे, पण कळू देऊ नये.' स्वतःविषयीच्या या नोंदी नाना वरचेवर वाचत. मजकूर चोख होता. एका पानाचा अपवाद सोडला तर.

ते एक पान नाना उघडत नसत.

सरकार पडायचे कारण म्हणाल तर साधे. एक नोव्हेंबरपासून पाळी रूपेशची होती. दिवाळीच्या दिवसापासून नानांची निळी बॅग पासिर रिसच्या दाराशी उभी होती. रूपेश आधी म्हणाला हा वीकेंड नको. मग म्हणाला पुढचा बघू. मग बुधवारी त्याने ग्रुपवर एक प्रेझेंटेशन पाठवले. 'नाना : पुढील वाटचाल', स्लाइड अठरा. सारांश असा की तळेगावला ज्येष्ठांसाठी एक चांगली वसाहत आहे. मनोहरने त्यावर लिहिले, 'तू बापाचं प्रेझेंटेशन केलंस?' आणि पहाटे उठून त्याला काढून टाकले.

नानांना तळेगाव नको होते. ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण देशाचे मत मोजायची तरतूद करारात नव्हती. पण नको होते. चांगीच्या पलीकडे, बोटीतून पंधरा-वीस मिनिटे आत गेल्यावर, संजीवनीच्या अस्थी त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडल्या होत्या. तळेगावात समुद्र नाही.

*

शनिवारी दुपारी सगळे जमले, कारण भाऊबीज राहिली होती. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत भाऊबीज चालते, असे योगिनीने कळवले, आणि भांडण झाले म्हणून ओवाळणी चुकवायला मी काही तुमच्या पक्षात नाही, असेही कळवले.

रूपेश एकटाच आला, बायको मधुरा मुलाला घेऊन नाशिकला होती. दारात त्याने बॅगेकडे पाहिले आणि बॅगेला वळसा घालून आत आला. मनोहरने टीव्हीकडे पाहिले. टीव्ही बंद होता.

"बसा दोघं," योगिनी म्हणाली.

पाट एकच. त्यावर मनोहर बसला. मनोहरची बायको नीता आतून प्लास्टिकचे पांढरे स्टूल घेऊन आली.

"हे कुठलं, वहिनी?" रूपेशने विचारले.

"बाथरूममधलं. नानांसाठी आणलं होतं, बसून आंघोळीला. ते वापरत नाहीत."

"मला लागत नाही," नाना घाईने म्हणाले.

रूपेशने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि स्टुलावर बसला.

"पूर्वेकडे तोंड करा."

"पूर्वेला चपलांचं कपाट आहे," मनोहर म्हणाला.

"मग कपाटाकडे तोंड करा, दादा. मुहूर्त टळून आठवडा झालाय, आता दिशेवरून नको."

दोघे भाऊ चपलांकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून बसले. पन्नाशी ओलांडलेला मनोहर, पंचेचाळिशीचा रूपेश, दोघांच्या डोक्यावर टोपी म्हणून हातरुमाल.

"त्याला सांग, सरकून बस म्हणावं," मनोहर बहिणीला म्हणाला.

"त्याला सांग, मला ग्रुपमधून सरकवलंय तेवढं पुरे," रूपेश बहिणीला म्हणाला.

"दोघांना सांगते, तोंड बंद ठेवा, कुंकू नाकावर जाईल." तिने दोघांना अंगठी-सुपारीने ओवाळले, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवले. त्या दोन मिनिटांत तिघांचेही चेहरे अगदी लहानपणीचे झाले. नानांनी ते पाहिले आणि चिवड्याच्या बशीकडे नजर वळवली. चकल्या मऊ पडल्या होत्या. सिंगापूरच्या हवेत चकली दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी शरण येते.

जेवण झाले. बासुंदी चांगली होती, पण भात उरला नाही, आणि नीताच्या घरी भात उरत नाही असे कधी होत नसे. नानांनी सकाळीच पाहिले होते की दहा किलोच्या तांदळाच्या गोणीच्या जागी दोन किलोची पिशवी आली आहे. तेलाचा डबाही छोटा. जे जहाज विकायचे ठरते, त्याला नवे स्पेअर पार्ट येत नाहीत. नानांनी असली दोन जहाजे पाहिली होती. पण ते काही बोलले नाहीत.

"आता मी माझं दाखवू का?" रूपेश म्हणाला. "ग्रुपवर कोणी उघडलंसुद्धा नाही. काढायच्या आधी वाचायचं तरी."

"दाखव," योगिनी म्हणाली. "कोर्टातसुद्धा आरोपीला बोलू देतात."

रूपेशने लॅपटॉप टीव्हीला जोडला. पहिल्या स्लाइडवर नानांचा बॉयलरसूटमधला जुना फोटो होता. दुसरीवर सद्यस्थिती. तिसरीवर 'बलस्थाने' म्हणून 'बुद्धिबळ, स्वतःचा चहा स्वतः करणे' असे लिहिले होते. नाना ते वाचून थोडे सुखावले. चौथीवर तीन उभे खांब होते : कोणाच्या घरी नाना दिवसाचे किती तास एकटे असतात. क्लेमेंटीचा खांब सर्वांत उंच निघाला.

"हे काय आहे?" योगिनी म्हणाली. "मी लॅबमध्ये जाते म्हणून का?"

"ताई, मी कोणाला बोल लावत नाहीये. माझा खांब पण बघ ना. नऊ तास."

"पुढे."

पाचव्या स्लाइडवर फक्त शीर्षक होते. 'जोखीम'. खाली पांढरे.

"खाली काय आहे?" मनोहरने विचारले. तीन दिवसांत तो भावाशी पहिल्यांदाच थेट बोलला.

"खाली... ते मी तोंडी सांगणार होतो." रूपेशने नानांकडे पाहिले. नाना टीपॉयवरचा चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

"थांब," योगिनी उठली. तिने टीव्हीखालच्या कप्प्यातून वही काढली. "कसली जोखीम? हे बघ. एक मार्चला तू माझ्याकडे नानांना दिलंस. तुझ्या हातची नोंद आहे. 'ऑल ओके.' एवढंच. बाकी सगळ्यांनी पान-पान लिहिलंय, तुझे दोन शब्द. मग ऑल ओके माणसाला आठ महिन्यांत चोवीस तासांची नर्स कशाला लागते रे?"

"वय झालंय, ताई."

"वय काय यिशुनलाच होतं?"

"स्पष्ट सांग ना," मनोहर म्हणाला, "की मधुराला नको आहेत."

"मधुराचं नाव काढू नको दादा, तिचा काही संबंध नाही."

"मग तुला नको आहेत."

 रूपेशने रिमोट टीपॉयवर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. नाना चष्मा पुसतच राहिले. त्यांना एका शब्दात हे थांबवता आले असते. तो शब्द तोंडात घोळवत त्यांनी चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला.

"बघ, मी आणि योगी करतोय ना निभावून," मनोहर म्हणाला. लाल आणि हिरवा एका बाजूला, पिवळा बाहेर. वर्तमानपत्रात अशीच चित्रे येत होती. "तूच एकटा..."

"पप्पा," अवनी सोफ्याच्या हातावरून म्हणाली, "यू नेव्हर टेल देम अबाउट दुबई, मेह?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडले. नीताच्या हातून पडले की तिने टाकले, हे सांगणे कठीण होते.

"कुठली दुबई?" योगिनीने विचारले.

मनोहरने मुलीकडे पाहिले. मुलीने फोनकडे.

"ऑफिस हलतंय," तो शेवटी म्हणाला. "जानेवारीच्या मध्यापर्यंत. मी सांगणारच होतो."

"कधी? विमानातून?"

"योगी, आवाज खाली."

"दादा, नानांचा इथे राहायचा पास तुझ्या नावावर आहे! तू गेलास की पास संपला. माझा पास त्या पायरीचा नाही, मला त्यांना ठेवता येणार नाही, हे तुला माहितीये. म्हणजे उरला कोण? ज्याला तू परवा ग्रुपमधून हाकललंस, तो!" ती रूपेशकडे वळली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. "आणि याला बोलत होतास, बापाचं प्रेझेंटेशन केलंस म्हणून. याने निदान अठरा स्लाइड केल्या. तू एक ओळ नाही टाकलीस."

नानांना हसू आले, ते त्यांनी खोकल्यात घातले. सरकार बदलायला पाच मिनिटेसुद्धा लागली नव्हती.

नीता हात पुसत बाहेर आली. "नाना, मी तुम्हाला सांगा म्हणत होते यांना. दिवाळीआधीपासून म्हणतेय."

"तांदळावरून कळलं मला," नाना म्हणाले.

नीता मटकन खुर्चीवर बसली. "अगंबाई," ती म्हणाली आणि पदर नसलेल्या कुर्त्याचा काठ तिने डोळ्यांना लावला.

"ठीक आहे," मनोहर उभा राहिला. तो जहाजांचा सुपरिंटेंडंट होता, उभे राहिल्याशिवाय त्याला वाईट बातमी देता येत नसे. "मी सरळ विचारतो. तुम्हा सगळ्यांचा माझ्यावर विश्वास आहे की नाही? नसेल तर सांगा. नाही म्हणालात, तर मी बाजूला होतो, तुम्ही दोघं ठरवा. मला वाईट वाटणार नाही."

नानांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. जर्मनीचे चान्सेलरसाहेबही जानेवारीत असाच ठराव मांडणार होते, आणि तो हरायचा आहे असे त्यांच्या सगळ्या देशाला आधीच माहीत होते. हरलो म्हटले की निवडणूक लावता येते. लहानपणी मनोहर असाच कॅरममध्ये स्वतःचा स्ट्रायकर भोकात घालून म्हणे, जा, खेळतच नाही.

"हरायला उभा राहिलायस तू," योगिनी म्हणाली.

"ताई, त्याचं सोड," रूपेश म्हणाला. "खरं बघायला गेलं तर, एकटी तू आहेस. तू भारतात परत जाणार म्हणत होतीस ना दोन वर्षांपासून? पुण्याच्या त्या संस्थेत. तू गेलीस तर नाना तुझ्याबरोबर..."

"हो, हे बरोबर आहे," मनोहर लगेच बसला. "योगीला तसंही काही..."

"काही काय?" योगिनी म्हणाली. "बोल ना. नवरा नाही, मूल नाही, म्हणजे हिचा वेळ रिकाम्या भांड्यासारखा पडलेला, त्यात काहीही घाला. आईच्या वेळी पण हेच. हॉस्पिटलात रात्रपाळी कोणाला? योगीला. अकरा रात्री." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होते. "मी थकलेय रे. मला नाना जड नाहीत. तुम्ही दोघं जड आहात."

 खाली मैदानात कोणाचे तरी लग्न होते; मलय गाणे दहाव्या मजल्यापर्यंत येत होते.

"क्लॉज सेव्हन," अवनी हळूच म्हणाली. तिने फोनवर तीन वर्षांपूर्वीचे ते पान काढले होते. "कोणी सोडू नाही शकत. नाव सांगावं लागतं. विथ कन्सेंट. सो टेक्निकली... कॅन नॉट लाह, एव्हरीबडी."

नानांच्या मनात आले, मजबूत कलम लिहिले आपण. तिघे जण तीन खुर्च्यांवर बसले होते, आणि उतरायला एकालाही वाट नव्हती. मुलांना बापाने जवळ बांधून ठेवावे ते असे. ते खुश व्हायला हवे होते. पण बदली माणूस न आल्यामुळे सतरा-सतरा महिने जहाजावर अडकलेले लोक त्यांनी पाहिले होते. त्यांच्या चेहऱ्यांवर हाच रंग असे.

"ठीक आहे," रूपेश म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"मी घेतो. पास माझ्या नावावर करू. आजच नेतो." तो उठला, टीव्हीची वायर काढायला वाकला. वायर निघेना. "माझी टर्म एक तारखेपासूनच होती. नऊ दिवस उशीर झाला. सॉरी."

"अरे, पण असं रागाने नको..." योगिनी म्हणाली.

"रागाने नाही, ताई."

रागाने नव्हतेच. नानांना तो स्वर ओळखीचा होता. वायर सोडून तो टीव्हीमागे वाकूनच राहिला.

एकदा, फार वर्षांपूर्वी, डर्बनला नानांनी एका जहाजाचा ताबा घेतला होता. आधीचा चीफ खेडेकर, दापोलीचा, सज्जन माणूस. त्याच्या नोट्समध्ये बॉयलरपुढे लिहिले होते, 'ऑल ओके'. तिसऱ्या दिवशी बॉयलरची चीर सापडली. खेडेकरला ती माहीत होती. वरून सांगितले होते, गप्प राहा. नानांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिले. खेडेकरला पुन्हा जहाज मिळाले नाही. दोष लपवून ताबा देणे याहून मोठे पाप समुद्रावर नाही, असे नाना पुढे तीस वर्षे पोरांना सांगत आले.

"रूपेश, बस," नाना म्हणाले. "योगे, वही दे. आणि पेन."

"आता वही कशाला, नाना?"

"नोंद राहिलीये एक."

त्यांनी ते पान उघडले. 'ऑल ओके'च्या खाली भरपूर जागा होती. रूपेशने ती सोडलीच असावी. नाना लिहायला लागले. हात सावकाश चालत होता आणि खोलीतले सगळे त्या हाताकडे बघत होते. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा नीट केला आणि इंजिन रूमचा लॉग वाचावा तसे वाचले.

"अठरा फेब्रुवारी, रविवार, सकाळी सात. यिशुन. न्हाणीघरात तोल जाऊन पडलो. शुद्ध गेली, सुमारे अर्धे मिनिट. घरी रूपेश एकटा होता. त्याने उचलले. डॉक्टरकडे जायला मी नकार दिला. कोणाला सांगू नये म्हणून त्याला संजीवनीची शपथ घातली. त्यानंतर दोनदा चक्कर आली, एकदा क्लेमेंटीला, एकदा इथे. तेव्हा कोणी पाहिले नाही. दोष लपवून ताबा दिला. दोष माझा." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "खाली सही आहे."

मलय गाणे संपले, दुसरे सुरू झाले.

"नाना," योगिनी म्हणाली.

मनोहरने धाकट्या भावाकडे पाहिले. 

रूपेशने पुढे होऊन वही घेतली. उभ्यानेच वाचली. मग नानांच्या हातातून पेन काढून घेतले, टोपण दाताने उघडले आणि एका शब्दावर रेघ मारली.

"काय खोडलंस?" नानांनी विचारले.

"अर्धं नाही." त्याने वर काहीतरी लिहिले. "चार. चार मिनिटं."

"छे, एवढी कुठली..."

"मी मोजत होतो, नाना. तुम्हीच शिकवलंत, अलार्म वाजला की आधी घड्याळ बघायचं. सात वाजून दोन ते सात वाजून सहा." तो वहीकडे बघूनच बोलत होता. "त्याच्यानंतर तुम्ही दहा दिवस होतात माझ्याकडे. तुम्ही आंघोळीला गेलात की मी बाहेर जमिनीवर बसायचो. तुम्हाला पाण्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही. परत ते... मला नाही जमणार असं वाटलं. म्हणून स्लाइड केल्या. तोंडाने सांगता येत नव्हतं ना. शपथ होती."

नानांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. स्वतःचे अर्धे मिनिट ते नऊ महिने जवळ बाळगून होते, आणि त्यांना ते फार जड वाटत होते.

मनोहरने फोन काढला, काहीतरी दाबले आणि परत खिशात टाकला. रूपेशच्या खिशात टुणकन वाजले. कोणी त्यावर बोलले नाही.

"उद्या आधी डॉक्टर," योगिनी म्हणाली. "बाकीचं नंतर."

"डॉक्टर उद्या," नाना म्हणाले. "आणि कलम सात मी मागे घेतो. ते मीच घातलं होतं."

"मग बदली कोण, नाना?" अवनीने विचारले. ती आता फोनकडे बघत नव्हती.

"जहाज भंगारात काढताना बदली लागत नाही, बाळा."

"नाना, असलं घाणेरडं बोलायचं नाही माझ्या घरात," नीता म्हणाली. तिने उठून त्यांच्यासमोरची चिवड्याची बशी उचलली, आत नेली आणि तशीच परत आणून ठेवली.

"रूपेश," नाना म्हणाले, "तुझ्या स्लाइड अठरा होत्या ना?"

"राहू दे आता ते."

"पाचवर थांबलो होतो आपण. सहावी लाव."

"नाना, खरंच नको. मी नेतोय तुम्हाला यिशुनला, मी बोललोय."

"ने की. फेब्रुवारीअखेरपर्यंत तुझीच टर्म आहे. पण सहावी लाव."

रूपेशने रिमोट उचलला. बराच वेळ त्याला बटण सापडेना. मग टीव्हीवर एक खोली आली. एक पलंग, एक टेबल, खिडकीबाहेर डोंगराचा तुकडा. समुद्र नव्हता, तो नसणारच होता. त्याने पुढचे बटण दाबले. आता न्हाणीघर होते. एवढेच, दुसरे काही नाही. चारही कोपऱ्यांतून काढलेले चार फोटो. दसऱ्याला तो दोन दिवस पुण्याला गेला होता ते कशासाठी, हे घरात कोणाला माहीत नव्हते. फरशी खरखरीत होती. दोन्ही भिंतींना स्टीलचे जाड दांडे होते, आणि दांड्यांखाली त्याने टेपने मापे घेऊन आकडे लिहिले होते.

नाना उठून टीव्हीजवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेक दांडा जवळून पाहिला. स्क्रू किती, कुठे मारलेत, सांध्यावर गंज आहे का. मग उजव्या कोपऱ्यातल्या दांड्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हा दोन इंच खाली हवा," ते म्हणाले.

"कळवतो," रूपेश म्हणाला.